अर्ध्या अंशाचा चौकोन

पृथ्वीचे आम्ही चौकोन केलेत,
अर्धा अंश रुंद, अर्धा अंश उंच.
गोव्याच्या वाट्याला आले दोन-तीन.
त्यांतल्या एकात निम्म्याहून जास्त समुद्र,
म्हणून मॉडेल तो गाळूनच टाकतं.
दिवाडी नेमकी त्यातच.

दोना पावलाला, चौथ्या मजल्यावर
मी भात वाढवते.
पान फुटतं एका समीकरणातून,
दुसऱ्यातून त्याची रंध्रं उघडतात,
दिवसांची ऊब साठत ठरल्या बेरजेला पोचली
की लोंब्या भरतात.
कापणीला माणूस लागत नाही, एक ओळ लागते.
डबा उघडून झाकेपर्यंत
शंभर खरीप उरकतात.

गाळलेला चौकोन मी परत घेतला, हट्टानं.
भात आलं. इतकं आलं
की मलाच लाज वाटली.
छापील नकाशा गुंडाळून फेरीबोट धरली.

रुझार मानशीवर बसला होता.
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं ते लाकडी दार,
त्याच्या फळ्यांना डांबर लावत.
त्यानं नकाशा मांडीवर पसरला,
डांबराचा अंगठा पडला कारवारच्या वर कुठेतरी.
"हांगा मीठ खंय?"
मीठ नव्हतं.
बांधही नव्हता, बांध पोखरणारी कुर्लीही.
पेरणीची तारीख मॉडेल पावसावरून ठरवतं, मी म्हटलं.
तो हसला नाही.
वाकून खाजनातलं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं, थुंकला.
"नुस्त्याचे कडयेपरस उणें खारें जालें
काय कोरगुट पेरचो."

कोणाच्या घरची कढी? मी विचारलं.
हा प्रश्न मला शास्त्रीय वाटला होता.

म्हणून दुपारी आंतोनेतच्या ओसरीवर
बांगड्याच्या वाटीत मी क्षारमापक बुडवला.
ती पदर नसलेल्या झग्याचं टोक तोंडाला लावून
इतकी हसली की मांजर उठून गेलं.
आकडा वहीत लिहिला.
मापक पुसला. मग जेवले,
वाटीतलंच.

दुसरा नकाशा दाखवायचा राहिला होता.
सन पन्नासचा. त्यात खाजन गडद हिरवं.
"हें किदें?"
गवत. पुरुषभर उंच. त्याला बी धरत नाही.
"गोरवांक?"
नाही, जाळायला. वीज करायला.
तो बराच वेळ त्या हिरव्याकडे बघत राहिला,
जसा कोणी अनोळखी पाहुण्याच्या चपलांकडे बघतो.
"ताका खार सोंसता?"
माहीत नाही, मी म्हटलं. आणि ते खरं होतं.
त्या गवताची सगळी मोजमापं आली आहेत
अशा गावांतून, जिथं समुद्र सहलीला जाऊन बघतात.
कोणी ते लावायचं ठरवलं नव्हतं अजून.
फक्त नकाशात ते आधीच उगवलं होतं,
कोणालाही न उठवता.

रात्री मी एक दार लिहिलं.
भरती असेल तर मीट. नसेल तर उघड.
दिवसाच्या पावलानं चालणारं मॉडेल बुचकळ्यात पडलं,
एका दिवसात दोनदा येणारं पाणी
त्याला ठेवायला जागा नव्हती.
तीन आठवडे गेले जागा करण्यात.
मग कढीचा आकडा घातला, पेरणीच्या उंबरठ्यावर.
त्याचं नाव ठेवलं आंतोनेत.
भात उशिरा आलं. कमी आलं.
गवत दोन पावसाळे टिकलं, तिसऱ्यात पिवळं पडलं;
की माझंच कुठे चुकलं, अजून तपासतेय.

परीक्षकानं विचारलंय:
या मूल्याचा स्रोत काय? नमुने किती?
मी उत्तर लिहिलं:
प्रत्यक्ष मोजणी, दिवाडी बेट. नमुना एक.

पाठवण्याआधी रुझारला फोन केला.
म्हणाला, त्या दिवशी पाहुणी येणार म्हणून
तिच्या हातून मीठ चिमूटभर जास्तच पडलं होतं.

किती मोठी चिमूट, मी विचारलं.
पलीकडे तो आंतोनेतला हाक मारत होता.